वर टिंब, खाली शेपटी

शाळेत उशीर झाला की चिठ्ठी द्यावी लागायची. चिठ्ठी पालकांची हवी आणि इंग्रजीत हवी. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मजकूर माझा आणि खाली सही आईची, मराठीत. आम्ही चोडणला राहायचो, हायस्कूल पणजीत, मध्ये मांडवी. पावसाळ्यात फेरीबोट कधी धुक्यामुळे थांबायची, कधी इंजिनामुळे, कधी नुसतीच. रायबंदरच्या धक्क्यावर उतरून बस पकडून शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना, हजेरी सगळं आटपलेलं असायचं. आठवीतल्या एका जुलैत मी चिठ्ठी लिहिली, 'इट रेन्ड ऑल नाइट, द फेरी वॉज लेट, आय मिस्ड द बस.'

टीचर उशिराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. तांबड्या पेनाने दोन्ही कॉमांभोवती गोल काढले आणि चिठ्ठी परत माझ्या हातात दिली. दोन अख्खी वाक्यं कॉमावर टेकवायची नसतात, सेमीकोलन घालून उद्या आण.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तेव्हा गोव्यात आमच्यासारख्या पुष्कळांचं तसंच होतं. चौथीपर्यंत गावात मराठी, पाचवीपासून एकदम इंग्रजी, जणू धक्क्यावरून पाय उचलला तो थेट बोटीत. सेमीकोलन आम्हाला शिकवला होता तो मोजून. टीचर फूटपट्टी टेबलावर आपटायच्या: कॉमाला एक, सेमीकोलनला दोन, कोलनला तीन, फुलस्टॉपला चार. सगळा वर्ग पाढे म्हणावेत तसा एका सुरात मोजायचा. ही युक्ती टीचरची स्वतःची नव्हती हे मला फार नंतर कळलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्याकरणांत हेच मोजमाप दिलेलं आहे. पण मला त्यातून एवढंच समजलं की सेमीकोलन म्हणजे दम. थोडा दम लागला की कॉमा, जास्त लागला की सेमीकोलन. मग माझ्या निबंधांत 'बिकॉज इट रेन्ड; द फेरी वॉज लेट' असली वाक्यं निघायची. वाचताना तिथे खरंच दम घ्यावासा वाटतो. तरी ते चूक. 'बिकॉज इट रेन्ड' एवढंच म्हणून कुणी गप्प बसला तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहील.

मराठी नावानेही मला मदत केली नाही. अर्धविराम. अर्धं थांबा. कुठलीही गोष्ट अर्धवट सोडायला हे नाव ऐकलं की मन तयारच होतं.

त्या संध्याकाळी चिठ्ठी घेऊन मी आजोबांपाशी बसले. आजोबा पोर्तुगीज अमदानीतले सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, पास. कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेत, एस्क्रिव्हांव, म्हणजे लेखनिक, म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. मराठी वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, इंग्रजी मात्र शून्य. त्यांनी तांबडे गोल बघितले आणि काय लिहिलंय ते सांग म्हणाले. मी सांगितलं, "रातभर पावस पडलो. फेरी उसरां आयली. म्हजी बस चुकली."

"हें वाक्य एकलेंच उबें रावता?" त्यांनी पहिल्यावर बोट ठेवून विचारलं.

राहतं, म्हटलं.

"आनी हें?"

तेही.

"मागीर हांगा पोंतु-इ-व्हिर्गुला जाय." मग इथे सेमीकोलन हवा.

त्यांनी शाईच्या पेनाने, टीचरच्या गोलांच्या आतच, आधी वर एक टिंब दिलं, टोक थोडं दाबून. मग त्याच्याखाली दुसरं टिंब देऊन त्याची शेपटी डावीकडे ओढली. पोंतु म्हणजे टिंब, पूर्णविराम. व्हिर्गुला म्हणजे कॉमा. 'इ' म्हणजे आणि. "पोंतु सांगता, जालें. व्हिर्गुला सांगता, मात्शें राव." टिंब म्हणतं झालं, शेपटी म्हणते जरा थांब, उठू नकोस.

दुसऱ्या दिवशी टीचरनी चिठ्ठीवर बरोबरची खूण केली. आईची सही त्या घाईत राहूनच गेली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकाच चिन्हाची तीन नावं अशी एका घरात जमा झाली. इंग्रजीने त्याला अर्धा कोलन म्हटलं, मराठीने अर्धा विराम, आणि पोर्तुगीजने डोळ्यांना जे दिसतं तेच सांगितलं: टिंब आणि कॉमा. आज इतकी वर्षं इंग्रजी मजकूर तपासून पोट भरल्यावर माझं मत असं झालंय की या तिघांत शहाणं नाव पोर्तुगीजच. सेमीकोलनात अर्धं काहीच नाही. दोन्ही बाजूंना अख्खं वाक्य लागतं, कर्ता-क्रियापदासकट, आपापल्या पायांवर उभं. तपासायचं असेल तर तिथे फुलस्टॉप देऊन बघायचा. दोन्ही वाक्यं तगली तर सेमीकोलन चालेल, एक जरी लंगडलं तर नाही. आणि तगली तरी तो द्यायलाच हवा असं नाही. त्या दोघांचं एकमेकांशी काही लागत असेल तरच. 'रात्रभर पाऊस पडला; माझ्या भावाला गणित आवडतं' हे व्याकरणाने बिनचूक आहे आणि तरी वेडगळ आहे.

मराठी माणसाला इंग्रजीत कॉमावर वाक्यं टेकवायची सवय का लागते, याचा मी पुष्कळ विचार केलाय. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं. ते आलं की कानाला कळतं, दार लागलं. मग पुढे कॉमा द्या, टिंब द्या, काही न द्या, गोंधळ होत नाही. 'पाऊस पडला, फेरी उशिरा आली, बस चुकली' यात चूक काय आहे ते मराठी कानाला सांगूनही पटणार नाही. त्यातून आपल्याकडे 'ऊन' प्रत्यय आहे. 'सकाळी उठून, भाकऱ्या भाजून, डबा भरून, धक्क्यापर्यंत धावत जाऊन आईने मला फेरीत बसवलं.' एवढी कामं झाली आणि वाक्य एकच, क्रियापद एकच. अशा भाषेला सेमीकोलनची गरज पडावी कशाला?

तो आपल्याकडे आला तो पाहुणा म्हणून. मोडीत तर शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. आधी ओळभर रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. विरामाचं काम 'त्यास', 'ऐसियास' हे शब्दच करायचे. पत्र संपलं हे सांगायला शिक्का असे, मध्ये कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रीतसर आणली मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या कोशात ज्यांचा हात होता तेच हे. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचं पुस्तक 1850चं. आता गंमत बघा. आपल्या शालेय व्याकरणात अर्धविरामाचा नियम असा असतो की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असली की मध्ये अर्धविराम द्यावा. म्हणजे 'आभाळ भरून आलं होतं; पण पाऊस पडला नाही.' आजच्या इंग्रजीचा नियम याच्या बरोबर उलटा. 'बट' आला की त्याआधी कॉमा पुरतो. सेमीकोलन यायचा तो 'बट', 'अँड', 'सो' यांपैकी कुणीही मध्ये नसताना. मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजीत 'बट'च्या आधी सेमीकोलन घालते तेव्हा ती नियम मोडत नसते, दुसऱ्या घरचा नियम पाळत असते. कँडीच्या काळच्या इंग्रजीतही 'बट'आधी सेमीकोलन सर्रास दिसतो. मला वाटतं, तिकडे फॅशन बदलली आणि आपण ती जुन्या पैठणीसारखी घडी घालून जपून ठेवली.

'हाउएव्हर'ने मला याहून जास्त छळलं. 'बट' आणि 'हाउएव्हर' यांचा अर्थ एकच, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? उत्तर असं की 'बट' दोर आहे आणि 'हाउएव्हर' नुसता पाहुणा. तो वाक्यात कुठेही बसतो, पुढे, मध्ये, शेवटी, आपल्या 'मात्र'सारखा, पण दोन वाक्यं बांधत नाही. म्हणून 'द फेरी वॉज लेट; हाउएव्हर, द बस वेटेड.' आधी सेमीकोलन, नंतर कॉमा. 'देअरफोर'चंही तसंच. आज माझ्याकडे येणाऱ्या इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त दुरुस्ती कसली करावी लागत असेल तर 'हाउएव्हर'च्या आधीच्या कॉमाची.

पण सेमीकोलन मला खऱ्या अर्थाने पटला तो वाक्यांमुळे नाही, विक्रीखतामुळे.

कॉलेज संपल्यावर मी म्हापशाला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला लागले. पोंबुर्प्याची फेरी, मग बस. गोव्यात अजून 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामायिक, त्यामुळे वडिलोपार्जित घर विकायचं तर भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या लागतात. विकणाऱ्यांची यादी लांबत जाते. एका खतातली यादी मी टाइप केली. खरी नावं नाही देत, फुलांची घालून सांगते: 'मोगरा, त्याची बायको, अबोली, चाफा, त्याची बायको, शेवंती, जाई.' सगळीकडे कॉमा. आकडेमोडीत मी बरी होते, पण कागद दोनदा वाचूनही काही खटकलं नाही.

वकिलांनी कागद घेतला आणि बोटांवर मोजायला लागले. करंगळीपासून सुरुवात, एक हात संपला, दुसऱ्याची दोन बोटं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पांच जाणांचे सात जाण कशे जाले गो बाय?"

खरंच झाले होते. मोगरा एक, त्याची बायको दोन, अबोली तीन, चाफा चार. अबोली हीच मोगऱ्याची बायको, हे त्या कॉमांतून कुणालाही कळलं नसतं. उलट अबोली ही एखादी बिनलग्नाची बहीण आणि मोगऱ्याची बायको निनावी, असाही अर्थ लागत होता. त्यांनी पेन्सिलीने दोनच कॉमांवर टिंबं दिली: 'मोगरा, त्याची बायको, अबोली; चाफा, त्याची बायको, शेवंती; जाई.' दोन टिंबांनी सात माणसांची पाच झाली. मोगरा-अबोली एका खोलीत, चाफा-शेवंती दुसरीत, जाई आपली स्वतंत्र. यात दम घेण्याचा प्रश्नच नव्हता. ही घराची वाटणी होती. नंतर त्यांनी चतुःसीमाही तशीच करायला लावली: पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, आणि प्रत्येक दिशेनंतर सेमीकोलन, नाहीतर शेजाऱ्याचा माड आपल्या हद्दीत यायचा. गोव्यात माडावरून कोर्टात गेलेल्यांना यात काही विनोद वाटणार नाही.

यादीतला हा दुसरा उपयोग पाहिजे तेव्हा बघायला मिळतो, आपण बघत नाही इतकंच. शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय; विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य; दर्जाची व संधीची समानता;' आत कॉमा, बाहेर सेमीकोलन. न्यायाचे तीन प्रकार एका चुलीवर, स्वातंत्र्याचे पाच दुसऱ्या. आम्ही ती प्रार्थनेनंतर खड्या आवाजात म्हणायचो आणि एकदाही त्या टिंबांकडे बघितलं नाही.

यादी सुरू होण्याआधी मात्र सेमीकोलन येत नाही, तिथे कोलन. किनाऱ्यावरच्या एका शॅकच्या फळ्यावर मी 'टुडेज स्पेशल; विसवण' वाचलं होतं आणि बरोबरच्या मैत्रिणीने मला बळेच पुढे ओढलं, कारण माझा हात खडूकडे गेला होता. हा धंद्याचा रोग आहे.

कायद्यात या टिंबाची किंमत किती असते याचा अमेरिकेतला एक किस्सा आम्हा गोवेकरांना विशेष कळेल. मॅसॅच्युसेट्स राज्याचा दारूविक्रीचा एक कायदा होता. रात्री 11 ते सकाळी 6 विक्री नाही, रविवारी नाही, मात्र खाणावळवाल्याने उतरलेल्या पाहुण्यांना द्यायला हरकत नाही. मूळ मसुद्यात रात्रीच्या वेळेनंतर कॉमा होता. पुढे कायदे नव्याने एकत्र छापताना त्याचा सेमीकोलन झाला. 1900 साली कोर्टाने त्या सेमीकोलनवर बोट ठेवलं. सवलत त्याच्या पलीकडची, म्हणजे फक्त रविवारची. रात्री 11 नंतर पाहुण्यालाही थेंब मिळणार नाही. 1906पर्यंत बॉस्टनची हॉटेलं एका टिंबापायी 11 वाजता कोरडी पडत होती. आमच्याकडे असं झालं असतं तर टिंब पहिल्या रात्रीच खोडलं गेलं असतं.

या चिन्हाचा जन्म छापखान्यातला. व्हेनिसला आल्दुस मानुतियुस या मुद्रकाने 1490च्या दशकात पिएत्रो बेंबोच्या एका लॅटिन पुस्तकात ते पहिल्यांदा छापलं. खिळे पाडणारा फ्रांचेस्को ग्रिफो. कॉमाने भागत नाही आणि कोलन फार होतो, म्हणून दोघांच्या मधलं काहीतरी हवं होतं. भारतातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात सांपावलूच्या कॉलेजात उतरला, तोही निघाला होता अबिसिनियाला आणि राहिला इथेच. पुढे राचोलला 1616 साली स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं: भाषा मराठी, छंद ओवी, लिपी रोमन. जन्माने इंग्रज माणूस आमच्या सासष्टीत बसून ओव्या रचत होता, आणि ओवीला विरामचिन्ह लागतंच कुठे, चरण संपला की ती आपसूक थांबते. मला चिठ्ठीपायी दोन दिवस लागले आणि स्टीफन्स उलट दिशेने नदी पार करून गेला, याचा कधीकधी हेवा वाटतो.

आता सेमीकोलन फोनवर डोळा मारायच्या कामाला आहे. पर्वरीला सॉफ्टवेअरात असलेला माझा भाचा सांगतो की त्याच्या जावामध्ये प्रत्येक आज्ञेच्या शेवटी तो द्यावाच लागतो, विसरलं तर प्रोग्रॅम हलत नाही. म्हणजे तिथे शेपटीला काही अर्थ उरला नाही, नुसता पोंतु. आजोबांना हे आवडलं नसतं.

त्याच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या भाचीने, गेल्या पावसाळ्यात घराण्याबद्दल इंग्रजीत चार पानं लिहिली आणि माझ्याकडे तपासायला पाठवली. ती पहिलीपासून इंग्रजी शाळेतली. तिचे सेमीकोलन माझ्यापेक्षा चांगले. एका ठिकाणी मात्र आम्ही अडलो. 16 जानेवारी 1967, जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. आजोबांनी फुलाला मत दिलं, आजीने दोन पानांना. चोडणच्या एकाच घरातून, एकाच सकाळी, एकाच रस्त्याने चालत जाऊन. आईने हे आम्हाला कितीदा सांगितलंय. भाचीने मध्ये 'बट' घातला होता.

मी 'बट' काढून सेमीकोलन दिला. तिने परत 'बट' घातला आणि बाजूला लिहिलं, मावशी, विरोध दाखवायला नको का? मी फोन केला. म्हटलं, 'बट' घातलास तर फुलाला मत देणं साहजिक आणि आजीचं मत ही त्याला आलेली आडकाठी, असं वाचलं जाईल. दोघांची वाक्यं उलटसुलट करून बघ, तेव्हा 'बट' आजोबांच्या माथी येतो. त्या घरात हा शब्द कुणीच कुणाच्या वाक्याआधी लावला नव्हता.

"मग 'अँड' घालू?"

'अँड'ने तर दोघांनी मिळून काही केल्यासारखं होतं.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग पुढच्या ओळीवर आली. विरोधाला 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. आजोबा हरले होते. निकालाच्या संध्याकाळबद्दल आईकडून आम्हाला एवढंच कळलेलं आहे, आणि भाचीने तेवढंच लिहिलं होतं, नेमक्या चिन्हासकट: आजोबा न जेवता ओटीवर बसून राहिले; आजीने त्यांचं पान वाढून झाकून ठेवलं.

"इथे काय हवं होतं, सांग ना," ती म्हणाली. "'म्हणून', की 'तरी'?"

मी म्हटलं, ते आजीला विचारायला हवं होतं.